विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? सरकारी पोर्टल मुदतीच्या तोंडावरच का रखडते?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आता गावोगावच्या सेवा केंद्रांवर इतके रुळले आहे, की पूर्वीच्या ‘साहेब जेवायला गेलेत’ची जागा त्याने घेतली आहे. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड असो की राज्यातले कोणतेही मोठे गाव, पीकविमा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक आणि ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी ही सगळी कामे आता स्क्रीनवरच होतात. ती स्क्रीन गोल फिरत राहिली, तर अडकतात ते पैसे आणि हुकते ती मुदत. हा बिघाड नेमका कुठे होतो, तो दरवेळी शेवटच्या दिवसांतच का होतो आणि तो टाळता येतो का, याचा हा आढावा.

२०२५ मध्ये नेमके काय घडले?

खरीप २०२५ च्या पीकविम्याची मुदत ३१ जुलै होती. ती बिगर कर्जदार शेतकऱ्यांसाठी १४ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. शेतकरी स्तरावरील ई-पीक पाहणी १ ऑगस्टला सुरू झाली आणि १४ सप्टेंबरला संपणार होती. सर्व्हरच्या तक्रारी आल्या आणि तिलाही मुदतवाढ मिळाली.

पाठोपाठ १८ सप्टेंबरला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतील लाभार्थींना दोन महिन्यांत ई-केवायसी करण्याचे आदेश निघाले. सुरुवातीच्या दिवसांतच ‘ओटीपी येत नाही’ अशा तक्रारींचा पाऊस पडला. महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी ही तांत्रिक अडचण मान्य करून ती सोडवण्याचे काम सुरू असल्याचे सांगितले. १८ नोव्हेंबरची मुदत पुढे ३१ डिसेंबर झाली.

हे नवीन नाही. एक रुपयात पीकविमा योजनेच्या पहिल्या वर्षी, म्हणजे खरीप २०२३ मध्येही ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. त्या हंगामात राज्यातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले होते.

‘डाऊन’ आणि ‘स्लो’ यांत फरक काय?

सर्व्हर बंद पडणे ही तुलनेने सोपी घटना आहे. यंत्र थांबते, धोक्याची सूचना वाजते, तंत्रज्ञ धावतात. सर्व्हर मंदावणे जास्त त्रासदायक असते. यंत्र सुरू दिसते, काही अर्ज जातातही, त्यामुळे कागदोपत्री ‘पोर्टल सुरू आहे’ असे म्हणता येते. केंद्रावर मात्र एका अर्जाला पाच मिनिटांऐवजी पाऊण तास लागतो.

स्क्रीनवर येणाऱ्या आकड्यांवरूनही थोडा अंदाज येतो. ‘५००’ म्हणजे पोर्टलच्या प्रोग्राममध्येच चूक झाली. ‘५०३’ म्हणजे सर्व्हर भरला आहे किंवा देखभालीसाठी बंद आहे. ‘५०४’ म्हणजे पुढच्या सर्व्हरने मागच्या सर्व्हरची वाट पाहिली, पण उत्तर वेळेत आले नाही. मुदतीच्या दिवसांत ५०३ आणि ५०४ दिसू लागले, की गर्दी किंवा मागे कुठेतरी अडकलेले काम, असा पहिला संशय घ्यावा.

एका अर्जामागे किती सर्व्हर असतात?

केंद्रचालक ‘सर्व्हर’ म्हणतो तेव्हा तो एकच डबा असावा असे वाटते. प्रत्यक्षात ती साखळी असते. ई-केवायसीचे उदाहरण घ्या. मोबाइलवरून निघालेली विनंती आधी टॉवरवर, तिथून कंपनीच्या जाळ्यातून पोर्टलच्या वेब सर्व्हरवर जाते. तिथला प्रोग्राम ती तपासतो आणि डेटाबेसमध्ये लाभार्थीचे नाव शोधतो. मग आधार प्राधिकरणाच्या यंत्रणेकडे विचारणा होते, ओटीपी तयार होतो आणि तो एसएमएस यंत्रणेतून फोनवर येतो. ओटीपी भरल्यावर पुन्हा तोच प्रवास. या योजनेत तर महिलेचा एक आणि पती किंवा वडिलांचा एक, असे दोन ओटीपी लागतात.

पीकविम्यात साखळी वेगळी, पण तितकीच लांब: जमिनीच्या नोंदी, शेतकरी ओळख क्रमांक, बँक खाते, हप्त्याचा भरणा. साखळीतली सर्वांत हळू कडी संपूर्ण अर्जाचा वेग ठरवते. त्यामुळे पोर्टलचा सर्व्हर ठणठणीत असूनही पोर्टल रखडू शकते.

सामायिक सर्व्हर म्हणजे काय? दुसऱ्याच्या गर्दीचा त्रास आपल्याला का?

शेतातल्या डीपीचा विचार करा. एका डीपीवर ठरावीक मोटारींचा भार चालतो. थ्री-फेज लाइन आली, की सगळे एकाच वेळी मोटारी चालू करतात आणि व्होल्टेज पडते. ज्याची मोटार लहान आहे, ज्याने नियमाने जोडणी घेतली आहे, त्याचेही पाणी बारीक होते. चूक त्याची नसते, पण डीपी सामायिक असते.

सर्व्हरचेही असेच. खर्च वाचवण्यासाठी एकाच यंत्रावर, एकाच डेटाबेसवर किंवा एकाच साठवण यंत्रणेवर अनेक ॲप्लिकेशन चालवली जातात. रोजच्या दिवशी त्यात काही गैर नाही. पण एका ॲप्लिकेशनने जड अहवाल काढायला घेतला किंवा त्याच्यावर अचानक गर्दी झाली, की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचा मोठा वाटा ते खाते आणि शेजारची ॲप्लिकेशन उपाशी राहतात.

आधार पडताळणी आणि एसएमएस यंत्रणा तर त्याहून मोठ्या अर्थाने सामायिक आहेत. रेशन, बँक, सिमकार्ड, योजना, सगळ्यांचा रस्ता त्यांच्यावरून जातो.

थोडी गर्दी वाढली तर इतका फरक का पडतो?

इथे साधे गणित आहे, पण ते मनाला पटत नाही. समजा, मोकळ्या वेळी एका कामाला १ सेकंद लागतो. सर्व्हर निम्मा व्यस्त असेल तर रांगेसह सरासरी २ सेकंद लागतात. तो ९० टक्के व्यस्त झाला की १० सेकंद, ९५ टक्क्यांना २० आणि ९९ टक्क्यांना १०० सेकंद. रांगांच्या सिद्धांतातले हे सर्वांत सोपे सूत्र आहे. खऱ्या यंत्रणेत आकडे मागेपुढे होतात, पण चढ असाच असतो. म्हणजे ९० वरून ९९ टक्क्यांवर जाताना गर्दी फक्त दहाव्या हिश्शाने वाढली, पण थांबण्याचा वेळ दहापट झाला. ‘काल तर चालत होते, आज काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा हेच असते.

दुसरे गणित अडकलेल्या कडीचे. पोर्टलवर सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती अर्ध्या सेकंदात निकाली निघते असे धरू. म्हणजे एका वेळी आत फक्त ५० विनंत्या असतात. पोर्टलमध्ये २०० विनंत्यांची सोय असेल, तर भरपूर जागा आहे. आता बाहेरची पडताळणी मंदावली आणि प्रत्येक विनंतीला १० सेकंद लागू लागले. तेवढ्याच गर्दीला आता १,००० जागा लागतील. २०० जागा दोन सेकंदांत भरतात. त्यानंतर ज्याला फक्त अर्जाची स्थिती पाहायची आहे, ज्याचा ओटीपीशी काही संबंध नाही, तोही दाराबाहेर अडकतो. गंमत अशी, की या वेळी पोर्टलचा प्रोसेसर जवळपास रिकामा असतो. सगळे जण फक्त वाट पाहत असतात.

पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने काम लवकर होते का?

उलट होते. पान उघडेना म्हणून आपण रिफ्रेश करतो, तेव्हा आपल्या फोनने आधीची विनंती सोडलेली असते. सर्व्हरने मात्र ती सोडलेली नसते. तो जुनी विनंतीही करत बसतो आणि नवीही घेतो. हजारो लोकांनी तीन-तीनदा दाबले, की तितक्याच माणसांची गर्दी तिप्पट होते.

ओटीपीमध्ये याचा फटका थेट बसतो. उशिरा आलेला पहिला ओटीपी आपण भरतो, तोपर्यंत दुसरा मागवलेला असतो आणि पहिला बाद झालेला असतो. ‘चुकीचा ओटीपी’ असा संदेश येतो आणि आपण तिसरा मागवतो.

तंत्रज्ञ बिघाड कसा शोधतात?

चांगला तंत्रज्ञ आधी यंत्राला हात लावत नाही, प्रश्न विचारतो. कधीपासून? सगळ्यांना की काहींनाच? सगळी पाने हळू की एकच? त्याआधी काय बदलले होते, म्हणजे नवी आवृत्ती, नवा नियम, नवी मुदत?

मग तो चार गोष्टी पाहतो: प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जाळे. प्रत्येकाबाबत तीन प्रश्न: किती वापर आहे, रांग किती लागली आहे, चुका किती होत आहेत. सर्व्हर सामायिक असेल तर पुढचा प्रश्न असतो, कोणते ॲप्लिकेशन सर्वाधिक खात आहे? चारही गोष्टी निवांत दिसल्या, तर बिघाड वाट पाहण्यात आहे, म्हणजे डेटाबेसमध्ये किंवा बाहेरच्या सेवेत.

डेटाबेसमधला नेहमीचा दोष अनुक्रमणिकेचा. अनुक्रमणिका नसलेल्या जाड पुस्तकात एक शब्द शोधायला सगळी पाने उलटावी लागतात. लाखभर नोंदींच्या चाचणीत हे जाणवत नाही; कोटींच्या घरात गेल्यावर एकच शोध सगळ्यांना थांबवतो.

यात एक फसवा आकडा असतो, तो सरासरीचा. ९५ जणांचे काम एका सेकंदात झाले आणि ५ जणांना प्रत्येकी ६० सेकंद लागले, तर सरासरी ४ सेकंदही भरत नाही. आढावा बैठकीत हा आकडा चांगला दिसतो, पण ओरड त्या पाच जणांची असते आणि ती खरी असते. सर्व्हर रीस्टार्ट करणे हाही तापावर गोळी देण्याचा प्रकार. तासभर बरे वाटते, पण कारण तसेच राहते आणि कधी कधी पुरावाही पुसला जातो.

जादा सर्व्हर लावले की प्रश्न सुटतो का?

काही वेळा सुटतो. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. सुमारे १६ लाख विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच क्षणी संकेतस्थळांवर गेले आणि ती काही तास उघडलीच नाहीत. त्याच महिन्यात अकरावी प्रवेशाच्या सीईटीचे नोंदणी पोर्टलही २० जुलैला सुरू होऊन दुसऱ्याच दिवशी बंद करावे लागले. पुढे ३ ऑगस्टला बारावीचा निकाल लागला, तेव्हा तो अनेक संकेतस्थळांवर विभागून दिला गेला. निकाल एकदा तयार झाला की बदलत नाही, त्याच्या हव्या तितक्या प्रती करून ठेवता येतात. म्हणून तिथे विभागणी हा चांगला उपाय ठरतो.

अर्ज भरण्याचे तसे नाही. तिथे प्रत्येक जण नवी नोंद लिहीत असतो आणि ती शेवटी एकाच वहीत जायची असते. दारे दहा केली तरी वही एकच असेल, तर रांग दारातून हलून वहीपाशी लागते.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा योजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खाते उघडावे लागत होते. ते एकच दार तुंबले. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाल्याचे नंतर उघड झालेल्या बैठकीच्या टिपणांत होते. पुढच्या दोन महिन्यांत ४०० हून अधिक दुरुस्त्या झाल्या आणि पान उघडण्याचा सरासरी ८ सेकंदांचा वेळ एका सेकंदाखाली आला. नवी यंत्रे आलीच, पण बाकीचे काम एकेक अडथळा शोधून काढण्याचे होते.

तिसरा मार्ग गर्दी वेळेत वाटण्याचा. रेल्वेने जून २०१५ पासून तत्काळ तिकिटांत वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० आणि बाकीच्यांसाठी ११ अशी वेगळी वेळ केली. एका घोषणेने एक लोंढा दोन लोंढ्यांत वाटला गेला.

मग मुदतवाढ हा उपाय आहे का?

थोडे गणित करू. ‘लाडकी बहीण’चे लाभार्थी सुमारे अडीच कोटी धरले आणि ते ६० दिवस, रोज दहा तास, सारख्या प्रमाणात आले असते, तर सेकंदाला सुमारे १२ अर्ज पडले असते. हा फार मोठा भार नाही. पण निम्मे लोक शेवटच्या चार दिवसांत आले, तर त्या दिवसांत सेकंदाला ८७ अर्ज होतात, सातपटीहून अधिक. लोक तेवढेच, योजना तीच. बदलली फक्त वेळ. त्यामुळे ‘इतके लोक येतील असे वाटले नव्हते’ ही सबब लाभार्थींची यादी हातात असलेल्या योजनेला लागू होत नाही.

मुदतवाढ शेवटच्या दिवशी जाहीर झाली, की लोंढा आधीच येऊन गेलेला असतो. ज्यांनी रात्र केंद्रावर काढली, मजुरी बुडवली, त्यांना तिचा उपयोग नसतो. शिवाय लोकही शिकतात: मुदत वाढतेच. मग पुढच्या वेळी ते आणखी उशिरा येतात.

बीडसाठी तारखेचा प्रश्न आणखी टोकदार आहे. २०२५-२६ चा ऊस गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. तोवर जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेली असतात. सप्टेंबरमध्ये ओटीपी न आल्याने राहिलेली ई-केवायसी नोव्हेंबरमध्ये करायची, तर नवऱ्याचा फोन कोयत्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात आणि बायको गावात, किंवा दोघेही फडात आणि जवळ केंद्र नाही. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात अनेकांची कागदपत्रे वाहून गेली. ३१ डिसेंबरची मुदत देताना सरकारनेही नैसर्गिक आपत्तीचे आणि पती किंवा वडील हयात नसलेल्या महिलांच्या अडचणीचे कारण दिले होते. सर्व्हरचे चार वाईट दिवस पुण्यात चार दिवसच असतात. ऊसतोड कुटुंबासाठी ते अख्खा हंगाम होऊ शकतात. महिन्याचे १,५०० रुपये अडकण्याची टांगती तलवार त्या काळात त्यांच्यावर राहते.

केंद्रचालकही यातच भरडला जातो. एक रुपयात पीकविमा योजनेत त्याला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये ठरलेले होते. अर्ज पाच मिनिटांत झाला काय किंवा तासात झाला काय, रक्कम तीच. पोर्टल रखडले की त्याचा दिवस तोट्यात जातो आणि जादा पैसे घेण्याच्या तक्रारींना वाट मिळते.

यंत्रणेने काय करायला हवे?

यासाठी लागणारे उपाय जुने आणि माहितीतले आहेत. तालुकानिहाय किंवा आधारच्या शेवटच्या अंकानुसार दिवस वाटून देणे. अर्ज लगेच स्वीकारून पोच देणे आणि पडताळणी मागाहून करणे, म्हणजे पोच असलेल्याची मुदत हुकणार नाही. बाहेरची सेवा मंदावली तर ठरावीक सेकंदांनंतर थांबून स्पष्ट संदेश देणे. डीपीला फ्यूज असतो, तसाच पोर्टललाही हवा. स्थिती पाहणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखणे. मुदतीच्या दिवसांत जड अहवाल रात्री काढणे. आणि पोर्टल कोणत्या दिवशी किती तास मंद होते, याची नोंद जाहीर करणे. ही नोंद असली, की मुदतवाढ मागावी लागणार नाही. जितके तास यंत्रणा अडली, तितके तास आपोआप वाढवून देता येतील.

अर्जदाराने काय करावे?

१. आधी आपले नेट तपासा. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहा. तेही उघडत नसेल तर अडचण रेंजची आहे. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून प्रयत्न करा.

२. ओटीपी एकदाच मागवा आणि काही मिनिटे थांबा. अनेक आले असतील तर शेवटचाच भरा.

३. पान फिरत असेल तर सतत रिफ्रेश करू नका. पहाटे किंवा रात्री उशिरा गर्दी कमी असते.

४. पैसे कापले गेले असतील तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी अर्जाची स्थिती आणि बँकेचा संदेश पाहा.

५. चूक दाखवणाऱ्या स्क्रीनचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मुदत हुकल्यास तक्रार करताना तोच पुरावा.

६. पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो का ते पाहा. मूळ पोर्टल रखडले, की हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे आणि लिंक फिरू लागतात.

७. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांनी जाण्याआधी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे तपासावे. बंद सिमवर ओटीपी येणार नाही, सर्व्हर कितीही वेगवान असला तरी.

खरीप दरवर्षी येतो, गाळप हंगामही दरवर्षी येतो आणि लाभार्थींची संख्या सरकारच्याच नोंदीत असते. तारखा आणि आकडे दोन्ही आधी माहीत असताना होणारी कोंडी ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांत संपवता येत नाही. पुढच्या जुलैत पीकविम्याचे पोर्टल उघडेल, तेव्हा पहिल्या आठवड्यातच गर्दीचे दिवस वाटून दिले जातात की पुन्हा शेवटच्या रात्री मुदतवाढीची वाट पाहावी लागते, यावरून काही बदलले का ते कळेल.